अनोळखी माणसांचा रकाना

बी.ए.चा निकाल लागल्यावर मला पहिली नोकरी मिळाली, ती लोकांना समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. माणसं एकमेकांवर किती विश्वास ठेवतात ते मोजायचं, अशी ती नोकरी होती. मुलुंडला आमच्या बिल्डिंगमधल्या काकू विचारायच्या, "म्हणजे नक्की करतेस काय गं?"

"घरोघर जाऊन प्रश्न विचारते."

"म्हणजे जनगणना?"

मी हो म्हणून मोकळी व्हायचे.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. घाटकोपरला स्टेशनजवळच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एका संस्थेच्या दोन खोल्या होत्या. तिथे आम्ही पाच-सहा मुलंमुली सकाळी जमायचो, फॉर्म घ्यायचो आणि आपापल्या वस्त्यांत पांगायचो. आमच्यावर देखरेख करायला एक मॅडम होत्या. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, जाड चष्म्याच्या, खळ घातलेली सुती साडी नेसणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "समोरचा माणूस बोलेल तेच लिहायचं. तुम्हाला काय वाटतं ते तुमच्यापाशी ठेवा."

प्रश्नावली आठ पानांची होती. तिच्याबरोबर एक पुठ्ठा असायचा, त्यावर पाच पायऱ्यांची शिडी काढलेली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय. वरची पायरी म्हणजे पूर्ण विश्वास, खालची म्हणजे अजिबात नाही. शेजाऱ्यांवर किती, वाण्यावर किती, डॉक्टरांवर किती, असं एकेक विचारत जायचं. समोरच्याने पायरीवर बोट ठेवलं की मी आकडा लिहायचा. यादीतला शेवटचा रकाना होता 'अनोळखी माणसं'.

मला ते काम आवडायचं. खरं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरी मी आणि बाबा, दोघंच. सकाळी दोघांचे डबे भरायचे, संध्याकाळी दोघांच्या पोळ्या करायच्या, आणि मधल्या वेळात घरात कुणाचाच आवाज नाही. या नोकरीमुळे मला रोज आठ-दहा घरांत शिरायला मिळायचं. कुठे फोडणीचा वास, कुठे शिवणयंत्राची घरघर, कुठे सासू-सुनेची कुरबूर. मी चटईवर बसून प्रश्न विचारायचे आणि डोळ्यांनी ते घर पिऊन घ्यायचे.

मार्चच्या शेवटी मला अंधेरीची वस्ती मिळाली. औद्योगिक वसाहतीच्या मागे, पत्र्याच्या छपरांच्या खोल्यांची एक लांब रांग होती. दुपारी एकचा सुमार असेल. रांगेतल्या शेवटून दुसऱ्या खोलीत एक बाई तांदूळ निवडत बसली होती. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. केस घट्ट बांधलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी काय काम आहे ते सांगितलं. तिने मला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "उन्हात काय उभी ऱ्हवलंस? ये, भितुर ये."

ती मालवणकडची. नवरा वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर. मोठी मुलगी पहिलीत, शाळेत गेलेली. धाकटा आठ महिन्यांचा, कोपऱ्यात साडीच्या झोळीत झोपलेला. मी विचारत गेले, ती तांदळातले खडे काढत उत्तरं देत गेली. मग मी शिडीचा पुठ्ठा पुढे केला.

"शेजाऱ्यांवर किती विश्वास आहे तुमचा?"

तिने बाजूच्या खोलीकडे मान उडवली. "त्या बायचा नाव काढू नको. पाण्याच्या नळावरसून आमचा बोलणा बंद हा. चार म्हयने झाले." आणि बोट खालून दुसऱ्या पायरीवर.

वाणी मधल्या पायरीवर आला. डॉक्टर वरून दुसऱ्या.

"आणि अनोळखी माणसं?"

ती हसली. पुठ्ठा हातात घेऊन तिने बोट सगळ्यात खालच्या पायरीच्याही खाली, कोऱ्या जागेवर ठेवलं.

"हय. शिडयेच्या भायर. ह्या मुंबईत अनवळखी माणसाचो इस्वास धरूचो नाय, बाय. घोव माका रोज सांगता, दार लावन घे म्हणान."

शिडीच्या बाहेरचा आकडा माझ्याकडे नव्हता. मी एक लिहिला.

तेवढ्यात बाहेरून धावत येण्याचा आवाज झाला. शाळेतल्या शिपाईबाई होत्या, दम लागलेल्या. "तुमची मुलगी खेळताना पडली हो. कपाळ फुटलंय. बाईंनी दवाखान्यात नेलीय, तुम्ही लगेच चला."

तिच्या मांडीवरचं सूप उलटलं. तांदूळ जमिनीभर झाला. ती उठली, पदर खोचला, झोळीकडे गेली, पुन्हा दाराकडे आली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, तू बस हयसर. ह्येका बघ. मी इलंय."

मी काही बोलायच्या आत ती निघूनही गेली. चपला दारातच राहिल्या होत्या. मार्चच्या उन्हात अनवाणी धावणारे तिचे पाय मला गल्लीच्या वळणापर्यंत दिसत राहिले.

मी आधी सांडलेला तांदूळ भरला. दुसरं काय करावं ते सुचेना. झोळीत डोकावून पाहिलं. बाळ मूठ तोंडापाशी धरून झोपलेलं. मी बाळ कधी हातात घेतलं नव्हतं. मी एकुलती एक, नात्यातही सगळ्यांत धाकटी.

अर्ध्या तासाने ते जागं झालं. माझा चेहरा पाहिला आणि त्याने मोठं भोकाड पसरलं. कसंबसं उचलून खांद्यावर घेतलं. ते माझ्या ओढणीला लाळ पुसत, मान मागे टाकून रडत होतं. मला अंगाईगीत येत नव्हतं. शेवटी मी प्रश्नावली उचलली आणि येरझारा घालत मोठ्याने वाचायला लागले. "आपण या वस्तीत किती वर्षं राहता? आजारपणात आपण प्रथम कोणाला बोलावता?" का कोण जाणे, ते थांबलं. माझ्या तोंडाकडे टक लावून बघायला लागलं. मी वाचायची थांबले की ओठ काढायचं. ती आठ पानं मी त्याला दोनदा वाचून दाखवली.

"ए पोरी, कोण गं तू?"

दारात एक उंच, काळीसावळी बाई उभी होती. बोलण्यावरून साताऱ्याकडची वाटली. नळावरून भांडण झालेली शेजारीण हीच, हे मी ओळखलं. मी सगळं सांगितलं.

"आन् तुझ्यापाशी ठेवून गेली? माझ्या दारावरनं पळत गेली, मला हाक नाही मारली?"

ती उंबऱ्याच्या आत आली नाही. आपल्या दाराशी पाटावर बसली, तोंड माझ्याकडे करून, हाताची घडी घालून. मी हलले की तिची नजर हलायची. माझ्यावर पाळत ठेवून होती ती, उघडच. मला राग यायला हवा होता, पण मला तर धीर आला.

बाळ पुन्हा रडायला लागलं, या वेळी भुकेने. ती उठून आत गेली आणि थोड्या वेळाने एक वाटी घेऊन आली. पेज होती, कोमट केलेली, चमचा घालून. तिने वाटी उंबऱ्यावर ठेवली. "थोडी थोडी घाल. घाई करू नको, ठसका लागंल." मी भरवत होते तेव्हा ती तिथूनच सांगत होती, "मान धर. मान धर की त्याची." बाळाने अर्धी वाटी संपवली आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलं. ते झोपलेलं ओझं किती जड असतं आणि किती हलकं, ते मला त्या दुपारी कळलं.

साडेचारला बाळाची आई गल्लीच्या तोंडाशी दिसली. मुलगी कडेवर, कपाळाला पांढरी पट्टी. शेजारणीने वाटी उचलली आणि घाईने म्हणाली, "मी पेज दिली म्हणून सांगू नको तिला." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

ती आली. मुलीला चटईवर निजवलं, बाळाला माझ्याकडून घेतलं, आणि मग भिंतीला टेकून बसली नि रडली. चार टाके पडले होते. मी तिला पाणी दिलं. जरा वेळाने मी विचारलं, "तुम्ही मला ओळखत नाही. बाळाला माझ्यापाशी कसं सोडून गेलात?"

ती गोंधळली. हा प्रश्न तिला पडलाच नव्हता असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. "काय सुचला नाय गो. तू होतंस."

मी निघायला लागले तर तिने हात धरून खाली बसवलं. भात टाकला, बांगड्याचं कालवण गरम केलं. आई गेल्यापासून आमच्या घरात मासे शिजले नव्हते. तो वास आला की बाबांना जेवण जायचं नाही. मी ताटावर मान खाली घालून जेवत राहिले. ती म्हणाली, "तिखट झाला काय?" मी हो म्हटलं.

चार-पाच दिवसांनी मॅडमनी मला आत बोलावलं. समोर माझा फॉर्म होता. आमच्या दर दहा फॉर्ममागे एक फॉर्म मॅडम स्वतः त्या घरी जाऊन पडताळायच्या. माणसांचा विश्वास मोजणारी आमची संस्था आमच्यावर एवढाच विश्वास ठेवायची. त्यातही त्यांची चूक नव्हती. आधीच्या महिन्यात आमच्यातल्या एकाने हॉटेलात चहा पीत वीस फॉर्म भरले होते.

"हा कुठे बसून भरलास?" मॅडमनी विचारलं.

"त्यांच्या घरी."

"मी काल त्या घरी गेले होते. अशी कुणी मुलगी आलीच नव्हती, असं त्या बाई म्हणतात."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग मी सगळी हकिकत सांगितली. पडलेली मुलगी, झोळीतलं बाळ, पेज. सांगतानाच ती खोटी वाटायला लागली होती. मॅडमनी चष्मा काढला.

"ज्या बाईने अनोळखी माणसांना एकचा आकडा दिला, तिने तुझ्याकडे आठ महिन्यांचं मूल टाकलं? गोष्ट चांगली रचलीस. उद्यापासून येऊ नकोस. अंधेरीचे तुझे सगळे फॉर्म रद्द."

बाबांना मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी डबा भरून नेहमीसारखी बाहेर पडले आणि घाटकोपरहून अंधेरीची बस धरली. रस्ताभर मनात त्या मालवणच्या बाईशी भांडत होते. ती दारातच होती, बाळाला उन्हात तेल लावत. मला पाहून तोंडभर हसली. त्या हसण्याने मी आणखी चिडले.

"मी आलेच नव्हते असं का सांगितलंत?"

तिचा हात थांबला. "अगो, ती चष्मेवाली? ती माका इचारी, हय एक चेडू इल्ला काय, एकटाच होता काय, किती येळ बसला. माका वाटला तुज्या मागे कोण तरी लागला. पोलिसांची बाय असात."

"म्हणून खोटं सांगितलंत?"

"मगे काय तुका धरून दिवचा?"

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि हसावं की रडावं ते कळेना. माझी नोकरी गेली हे सांगितल्यावर तिचा चेहरा पार उतरला. ती उठली. बाळाला अंगडं चढवलं, मुलीची वेणी घातली, पेटीतली धुतलेली साडी काढून नेसली.

"चल. खंय हा तुजा हाफिस?"

बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली, बाळ माझ्या मांडीवर. मुंबईत येऊन सात वर्षं झाली होती तिला, पण घाटकोपर पाहिलं नव्हतं. मॅडमच्या टेबलासमोर ती पदर खांद्यावरून घेऊन उभी राहिली.

"ह्या चेडू इल्ला होता. मी खोटा सांगलंय."

मॅडमनी तिला बसायला सांगितलं. "का सांगितलंत खोटं?"

"तुमी कोण ता माका खंय म्हायत?"

"आणि ही कोण ते माहीत होतं तुम्हाला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाय. ह्येचा नाव पण मी इचारूक नाय."

बाळाने टेबलावरची पेन्सिल पकडली होती आणि मॅडम ती सोडवून घेत नव्हत्या. मुलीच्या कपाळावरचे टाके त्यांनी पाहिले. मग काय वाटलं त्यांना, त्यांनी खणातून शिडीचा पुठ्ठा काढला आणि तिच्यापुढे धरला.

"बरं, आता पुन्हा सांगा. अनोळखी माणसांवर किती विश्वास?"

मला वाटलं आता तिचं बोट वर जाणार. मनातल्या मनात मी ते वर ढकलतही होते. तिने जराही वेळ न लावता बोट शिडीच्या खाली, कोऱ्या जागेवर ठेवलं.

मॅडमनी त्या बोटाकडे पाहिलं. "फॉर्म बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "उत्तर तेच आहे." त्यांनी फॉर्मवर सही केली आणि मला म्हणाल्या, "उद्या वेळेवर ये." बाकी काही नाही. पण आम्ही जिना उतरत होतो तेव्हा वरून हाक आली. मॅडम कठड्याशी उभ्या होत्या. "मुलीचे टाके वेळेवर काढून घ्या हं," त्या म्हणाल्या.

पुढे तो अहवाल छापून आला. आमच्या उपनगरांतली माणसं अनोळखी माणसावर फारसा विश्वास ठेवत नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. आम्ही विचारलं तेच छापलं होतं.

त्यानंतरचे कितीतरी रविवार मी अंधेरीला घालवले. दुपारी जायचे, उन्हं उतरली की परतायचे. बाबांना मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगायचे. ती मला पुढ्यात बसवून केसांना खोबरेल लावायची, "केसांची काय ही दशा" म्हणून करवादायची. तिला मी अक्षरं शिकवायला बसायचे. चार ओळी झाल्या की ती पेन ठेवून द्यायची. "पुरे गो, माका रांधूचा हा." तिचा नवरा अबोल होता, मी आले की पेपर घेऊन बाहेर बसायचा. बाळ रांगायला लागलं, उभं राहिलं, माझी पर्स उपसायला लागलं. पेजेची गोष्ट मी शब्द दिल्याप्रमाणे लपवून ठेवली होती, पण वर्षभराने कधीतरी न राहवून सांगून टाकली. पुढच्या रविवारी गेले तर शेजारीण तिच्या खोलीत बसून लसूण सोलत होती.

मग मी बँकेची परीक्षा दिली, बाबांच्या आग्रहाखातर. पास झाले. पहिलीच नेमणूक नाशिकला. मी तिला सांगायला गेले तेव्हा तिने मला नारळाची वडी बांधून दिली आणि म्हणाली, "ये हां." मी म्हटलं, "दिवाळीत येतेच."

दिवाळीत बाबा आजारी होते. नंतर बँकेची वर्षअखेरची कामं निघाली. जाईन जाईन म्हणताना दीड वर्ष गेलं. शेवटी एका शनिवारी मुलुंडला आले आणि तशीच अंधेरीला गेले. खोलीत दुसरंच कुटुंब होतं. शेजारीण मला बघून बाहेर आली. तिचे केस पिकले होते. कारखाना बंद पडला, म्हणाली, वर्षभर इकडे तिकडे हातपाय मारले आणि सगळी गावी निघून गेली.

"कुठल्या गावी?"

"मालवणाकडं कुठंतरी. मला काय नाव ध्यानात राहत नाही बघ." तिने डोळ्यांना पदर लावला. "जाताना माझ्या गळ्यात पडली. तुझी लई वाट बघितली तिनं. म्हणायची, माझं चेडू येईल."

मी तिच्याकडे चहा प्यायले. उठून बसस्टॉपपर्यंत आले आणि तिथे बाकावर किती वेळ बसले ते आठवत नाही. तीन-चार बसेस सोडल्या एवढं आठवतं.

लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी आम्ही मालवणला गेलो. तीन दिवस होतो. नवऱ्याला किल्ला पाहायचा होता, मी होडीत बसले नाही, किनाऱ्यावर थांबते म्हटलं. बाजारात, एस.टी. स्टँडवर, देवळाच्या पायऱ्यांवर मी पन्नाशीच्या बायकांचे चेहरे बघत हिंडले. कुणी "गो" म्हणून हाक मारली की मान वळायची. शेवटच्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "तू कुणाला शोधतेयस का?" तेव्हा मी त्याला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला, "इतके रविवार गेलीस, गावाचा पत्ता कसा नाही लिहून घेतलास?"

"तेव्हा वाटायचं, पुढचा रविवार आहेच."

समोर होड्या किनाऱ्याला लागत होत्या. बायका टोपल्या घेऊन पाण्यात शिरल्या होत्या, एकमेकींना ओरडून काहीतरी सांगत होत्या, आणि वाऱ्यामुळे त्यांचे शब्द आमच्यापर्यंत पोचत नव्हते. तो म्हणाला, "निघूया का?" मी म्हटलं, "थांब ना जरा. ह्या सगळ्या वर येऊ देत."